बैलाचं मनगट

पोळ्याची आदली संध्याकाळ. हिंजवडीजवळच्या माण गावातल्या एका गोठ्यात तुम्ही उकिडवे बसला आहात. वाटीत हळद कालवलेलं लोणी, समोर सर्जा. खांदेमळण चाललीय. जोखड घासून खांद्यावर चढलेला घट्टा बोटांखाली खरबरीत लागतो. लोणी मुरलं की कातडी जरा सैल होते आणि सर्जा नाकातून लांब श्वास सोडतो. कुंपणापलीकडं आयटी पार्कच्या फेज थ्रीच्या काचेच्या इमारतींत दिवे लागलेत. तुमची लॅपटॉपची सॅक खुंटीला टांगलीय.

"नुसता खांदाच नको रे, खालपर्यंत चोळ. गुडघ्याला लाव जरा," मामा म्हणतो.

तुम्ही हात खाली नेता. खांद्याचं फावड्यासारखं पसरट हाड. त्याखाली एकच जाड हाड, मांसात दडलेलं. मग कोपर. ते पोटाला इतकं चिकटलेलं असतं की बैलाला कोपर असतं हेच आपल्या ध्यानात येत नाही. त्याच्या खाली दोन हाडं, एकमेकांना सांधून एक झालेली. मग मामाचा तो 'गुडघा'.

इथं थांबा. खांद्यापासून मोजत आलात तर एक हाड, कोपर, दोन हाडं, आणि मग सांधा. तुमच्या स्वतःच्या हातात या जागी काय आहे?

मनगट.

तुमच्या मनगटात ८ लहान हाडं आहेत, सर्जाच्या ६. त्याखाली जी सरळ नळी उतरते तो त्याचा तळवा. तळव्यातली तिसरी आणि चौथी, अशी दोन हाडं जुळून ती झालीय. त्याखाली दोन बोटं आणि बोटांवर नखं, म्हणजे खूर. बैलाच्या एका पायाला दोन पत्र्या ठोकाव्या लागतात त्या म्हणूनच. मागच्या बाजूला ज्या दोन बारक्या खुऱ्या लोंबतात आणि जमिनीला टेकतही नाहीत, ती दुसरी आणि पाचवी बोटं. अंगठा नाहीच. सर्जा आयुष्यभर दोन बोटांच्या नखांवर उभा आहे आणि त्याचा गुडघा म्हणून तुम्ही जे चोळताय ते मनगट आहे.

हात तिथंच राहू द्या. बाकी सगळं हलणार आहे.

लोण्याच्या वासात छापखान्याच्या शाईचा वास मिसळतो. पॅरिस, १५५५. टेबलावर पिएर बेलोंचं पक्ष्यांवरचं नवं पुस्तक उघडं पडलंय. एका पानावर माणसाचा सांगाडा, शेजारी पक्ष्याचा. पक्षी माणसाएवढा मोठा काढलाय, बहुधा तुलना नीट दिसावी म्हणून. हाडाहाडाला अक्षर दिलंय आणि इकडच्या दंडाला जे अक्षर तेच तिकडच्या पंखाच्या मुळाला. बेलोंकडं या नात्याला नाव नाही. त्यानं नुसती अक्षरं जुळवली आणि पान उलटलं. हे पान नाव मिळायची वाट पाहत जवळजवळ ३०० वर्षं पडून राहणार आहे, तेव्हा तुम्हीही फार वेळ इथं काढू नका.

शहर तेच, तारीख १५ फेब्रुवारी १८३०. विज्ञान अकादमीची बैठक. दोन नवख्या अभ्यासकांनी एक निबंध पाठवलाय: म्हाकूळमाशासारख्या प्राण्याची रचना ही पाठीत दुमडलेल्या कणाधारी प्राण्यासारखी वाचता येते. एतिएन जॉफ्रवा सेंत-इलेर त्यांची बाजू उचलून धरतो. समोर जॉर्ज क्युव्हिए, एका हाडावरून अख्खा प्राणी सांगणारा म्हणून ज्याची युरोपभर ख्याती, तो आतून तापलाय. एकेकाळी दोघं जिवाभावाचे मित्र होते.

क्युव्हिएचं म्हणणं सरळ आहे. अवयव कामासाठी असतो. पंख उडायला, कल्ला पोहायला. काम सारखं तर रचना सारखी, पलीकडं काही नाही. जॉफ्रवा म्हणतो, काम विसरा, आकारही विसरा. अवयव ओळखायचा तो त्याच्या शेजाऱ्यांवरून. हाड लांबेल, आखूड होईल, झिजून नाहीसंही होईल, पण शेजाऱ्याला ओलांडून पलीकडं जाणार नाही.

तुम्ही माणचे असाल तर हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. खरेदीखतात काय लिहितात? चतुःसीमा. पूर्वेस अमुक, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमुक, उत्तरेस रस्ता. जमिनीवर भात आहे, की पत्र्याची शेड, की बारा मजली इमारत, यानं त्या तुकड्याची ओळख बदलत नाही. कधी काळी भातखाचर होतं तिथं आज कॅन्टीन आहे, पण मोजणी आली की म्हातारी माणसं बोट करून सांगतात, हाच तो. जॉफ्रवानं हाडांची चतुःसीमा लिहायला घेतली होती. सर्जाच्या मनगटापर्यंत आत्ता तुम्ही पोचलात तेही तिच्याच आधारानं. आकार पाहिला असतात तर मामासारखं 'गुडघा' म्हणून मोकळे झाला असतात.

चतुःसीमा चुकतेही. याच जॉफ्रवानं १८१८ साली माशाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची हाडं म्हणजे आपल्या कानातली बारीक हाडं असं ठासून सांगितलं होतं. ते साफ चुकलं. खरी जोडी जर्मनीत कार्ल रायखर्टनं १८३७ मध्ये गर्भाची वाढ तपासून लावली. आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या बिजागरीतली हाडं निघाली. म्हणजे सरडा ज्या हाडांच्या जोरावर चावतो, त्याच हाडांनी तुम्ही आत्ता सर्जाच्या गळ्यातली घुंगरं ऐकताय.

अकादमीतला वाद क्युव्हिएनं जिंकला असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली. तिकडं वायमारमध्ये ऐंशीच्या घरातला कवी गटे बातमी कळताच उत्तेजित झाला. भेटायला आलेल्या पाहुण्याला वाटलं, क्रांतीमुळंच. गटे मात्र अकादमीतल्या या भांडणाबद्दल बोलत होता. मला हा म्हातारा फार आवडतो.

एक गंमत जाता जाता. जॉफ्रवा या नात्याला जो शब्द वापरत होता तो 'ॲनालॉग'. आज नेमका उलट्या अर्थानं वापरतात तोच. हा घोळ निस्तरणारा माणूस पुढच्या मुक्कामाला आहे.

लंडन, १८४३. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधलं हंटेरियन संग्रहालय. बरण्यांतल्या स्पिरिटचा वास डोळ्यांत चढतो. रिचर्ड ओवेन उंच, किडकिडीत, मोठ्या डोळ्यांचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात प्राणी मेला की फाडायचा पहिला मान त्याचा. एकदा त्याची बायको बाहेरून घरी आली तर दाराशी मेलेला गेंडा पडलेला होता, असं सांगतात. वर्षभरापूर्वीच त्यानं अवाढव्य लुप्त सरड्यांसाठी 'डायनोसॉर' हा शब्द छापून दिलाय. शब्द पाडण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही.

तो अपृष्ठवंशी प्राण्यांवर व्याख्यानं देतोय. ती व्याख्यानं छापून निघतात तेव्हा पुस्तकाच्या शेवटी एक छोटा शब्दकोश असतो. बेलोंच्या पानाला हवा होता तो शब्द तिथं आहे, शेपटाला, जवळजवळ कोपऱ्यात. 'होमोलॉग': वेगवेगळ्या प्राण्यांत आढळणारा एकच अवयव, मग त्याचं रूप आणि काम कितीही बदललेलं असो. 'ॲनालॉग': दुसऱ्या प्राण्यातल्या एखाद्या अवयवासारखंच काम करणारा अवयव. झालं. वटवाघळाचा पंख आणि सर्जाचा पुढचा पाय पहिल्या खात्यात. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख दुसऱ्या खात्यात. सॅकमधल्या लॅपटॉपशी रोज झुंजणाऱ्यांना हे दोन शब्दांत सांगता येईल: पहिलं इनहेरिटन्स, दुसरं इंटरफेस. एकच इंटरफेस पाळणारे दोन क्लास एका घरचे असतातच असं नाही.

पण ओवेनला 'इनहेरिटन्स' म्हणाल तर तो तुम्हाला दाराबाहेर काढेल. शब्द ग्रीकमधून आला: 'होमो' म्हणजे तोच, 'लोगोस' म्हणजे प्रमाण, संबंध, मेळ. समान मेळ असलेला. यात कुठंही जन्म नाही, बाप नाही. मेळ का आहे, यावर ओवेनचं उत्तर आहे आदिरूप. सगळ्या कणाधारी प्राण्यांमागं एक मूळ आराखडा आहे, तो सृष्टिकर्त्याच्या मनात आहे आणि प्रत्येक प्राणी त्याची एक आवृत्ती.

सहा वर्षांनी, फेब्रुवारी १८४९ मध्ये, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो अवयवांवर बोलतो तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर आहात. तो म्हणतो त्याचा आशय असा: माणूस पाण्यावर जायला नाव करतो, हवेत जायला फुगा करतो, पण दोन्हींचे भाग एका साच्यातले नसतात, ज्या त्या कामाला लागतील तसे असतात. मग चिचुंद्रीच्या जातकुळीतल्या जमीन उकरणाऱ्या प्राण्याचा फावडेवजा हात आणि वटवाघळाचा पंख एकाच साच्याचे का? कामावरून याचं उत्तर मिळत नाही.

तुम्हाला उठून सांगावंसं वाटतं की साहेब, आमच्या चाकणला एकदा या. तिथं एका प्लॅटफॉर्मवर तीन-तीन गाड्या बनतात. बाहेरून ओळखू येणार नाहीत, आत मात्र तोच पार्ट नंबर. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये डॅशबोर्डवर बटणांच्या जागी नुसत्या कोऱ्या टोप्या बसवलेल्या असतात, अगदी सर्जाच्या मागच्या त्या दोन खुऱ्यांसारख्या. ओवेन हे ऐकून खूश होईल. त्याच्या बाजूचाच पुरावा आहे ना हा, एक ड्रॉइंग ऑफिस आणि अनेक गाड्या. नुसत्या मेळावरून मूळ ठरत नाही, ही अडचण तिथंच कळते. एक नकाशा असेल तरी मेळ दिसेल. एक बाप असेल तरीही दिसेल.

बापाची बाजू दहा वर्षांनी येते. नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक बाजारात. तेराव्या प्रकरणात माणसाचा हात, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख हे सगळं ओवेनच्याच खात्यातलं सामान, फक्त आदिरूपाच्या जागी पूर्वज. ओवेननं पुढच्याच वर्षी नाव न घालता या पुस्तकावर जहरी परीक्षण लिहिलं आणि त्यात स्वतःचीच स्तुती केली. १८७० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर म्हणाला की या शब्दाला आदिरूपाचा वास येतो, टाकून द्या, वंशातून आलेल्या साम्याला नवा शब्द घ्या. नवा शब्द कोणी घेतला नाही. जुना शब्द राहिला, अर्थ पालटला. गाळा तोच, पाटी नवी.

आता वाई. १९७३. कृष्णेच्या घाटावर ऊन आहे. विश्वकोशाच्या कचेरीत कार्डं, पुरवण्या, खोडरबराचा भुगा. पहिला खंड निघायला अजून तीन वर्षं आहेत. आधी शब्द हवेत म्हणून परिभाषेचा संग्रह छापून झालाय. प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी. इंग्रजी, ग्रीक, लॅटिन संज्ञांना मराठी शब्द लावण्याचं काम त्या काळात इथं आणि मुंबईत भाषा संचालनालयातही चाललेलं.

मराठी परिभाषेत 'होमोलॉगस'ला बसलेला शब्द आहे 'समजात'.

तो जरा फोडून बघा, पायाची नळी फोडतात तसा. 'जात' हे 'जन्' धातूपासून. जन्मलेला. नवजात, अभिजात यांतलं जात तेच. जातीपातीतली जातही त्याच मुळाची, पण तिला आज गोठ्याबाहेर राहू द्या. समजात म्हणजे सारख्या जन्माचा, एका ठिकाणाहून जन्मलेला. ग्रीक शब्द नुसता मेळ सांगतो, कारण सांगत नाही. मराठी शब्द कारणासकट जन्माला आला. ओवेननं मोकळी ठेवलेली जागा त्यानं पहिल्याच दिवशी भरून टाकली. खटला उभा राहायच्या आत निकाल!

शाळेच्या पुस्तकांत या एका इंग्रजी शब्दाची आणखी भावंडं भेटतात. गुणसूत्रांच्या जोडीला 'सजातीय'. दहावीच्या रसायनात मिथेन, इथेन, प्रोपेनच्या ओळीला 'समजातीय श्रेणी', जिथं प्रत्येक पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात. मिथेन कोणाचा बाप नाही आणि प्रोपेन कोणाचा नातू नाही. तिथं 'जात' म्हणजे नुसता वर्ग. बैलाच्या पायात मात्र 'जात' म्हणजे खरोखर जन्म. मुलं दोन्ही एकाच वर्षी पाठ करतात आणि हा फरक त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आता दहावीचं जीवशास्त्राचं उत्तर आठवा. पाठ्यपुस्तकात चित्र आहे: मानवी हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर, देवमाशाचा पर. उत्क्रांतीचा शरीरशास्त्रीय पुरावा म्हणून. पूर्वज एक होता कशावरून? अवयव समजात आहेत म्हणून. समजात कशावरून? पूर्वज एक होता म्हणून. न्यायशास्त्रात या दोषाला नाव आहे, अन्योन्याश्रय. तर्कतीर्थ पदवीच्या माणसाच्या कचेरीत तुम्ही उभे आहात, तेव्हा हे जपूनच बोला. 'समजात' शब्दात हा दोष घडीव आहे. नाव ठेवतानाच आपण वारसनोंद करून टाकतो आणि मग तीच नोंद पुरावा म्हणून दाखवतो.

गावात असं चालत नाही. फेरफार घालायचा तर आधी हद्द ठरते, मग वारस ठरतो, आणि वारस ठरवायला बाहेरचा साक्षीदार लागतो. हाडांचंही तसंच आहे. आधी चतुःसीमा जुळवा, गर्भातली वाढ बघा. ती जुळली की मगच वंशावळ काढा. मेळ हे निरीक्षण आणि वंश हे त्याचं स्पष्टीकरण, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की गाठ सुटते. साक्षीदार मात्र जमिनीतून आणावा लागतो.

चला तर खाली. गोठ्याखालची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मेट्रोचे खांब रोवताना लागला तोच. हा थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ओवेननं बारसं केलेल्या त्या डायनोसॉरांची अखेर याच सुमाराची. आणखी खाली गेलात तर माण नाही, सह्याद्री नाही, हिंदुस्थान आजच्या जागी नाही. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यात थांबा.

चिखलावर एक मासा पुढच्या परांवर रेटा देऊन डोकं वर काढतोय. त्याला मान आहे, माशांना नसते तशी. त्याच्या पराला हात लावा. एक जाड हाड. मग दोन हाडं. मग मनगटाच्या जागी बारीक हाडांचा पुंजका. बोटं नाहीत, टोकाला नुसते काटे. याचं नाव टिकटालिक. २००४ मध्ये उत्तर कॅनडाच्या एल्समेअर बेटावर नील शुबिन आणि त्याचे सोबती याचे अवशेष शोधायला गेले ते अंदाजपंचे नव्हे. असा प्राणी झाला असेल तर इतक्या वयाच्या खडकात असायला हवा, असं गणित मांडून ते गेले आणि तो सापडला. हा बाहेरचा साक्षीदार. चाकणच्या ड्रॉइंग ऑफिसवरून कोणत्या खडकात कोणता मासा निघेल ते सांगता आलं नसतं.

थोडं वर या, ३६.५ कोटींच्या आसपास. ॲकँथोस्टेगा नावाचा प्राणी, त्याच्या पुढच्या पायाला ८ बोटं. पाच हा आकडा नंतरचा. आपण उगाच पंचांगुलीचा थाट करतो.

परतीच्या वाटेवर एकच थांबा, स्वित्झर्लंडमधलं बाझल, १९९५. वॉल्टर गेरिंगच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या पायावर डोळा उगवलाय. डोळा घडवायला लावणारं जनुक चुकीच्या जागी चालू केलं, एवढंच. तेच काम उंदराचं जनुक घालूनही झालं, आणि उगवला तो उंदराचा नव्हे, माशीचाच डोळा. माशीचा जाळीदार डोळा आणि उंदराचा भिंगाचा डोळा ओवेनच्या हिशेबात कामापुरते सारखे, दुसऱ्या खात्यातले. चतुःसीमा जुळत नाही. तरी आतला हुकूम एकाच पूर्वजाकडून आलेला. अवयव समजात नाही, जनुक समजात. शुबिन आणि दोन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याला खोलवरची समजातता म्हटलं. ओवेनचे दोन कप्पे इथं एकमेकांत सांडतात, आणि ते परत नीट भरता येतील असं मला वाटत नाही.

तरीही 'समजात' मी बदलणार नाही. घाईचा शब्द आहे, पण त्याची घाई खरी ठरली. फक्त शिकवताना मास्तरांनी आधी मेळ दाखवावा, मग जन्म सांगावा.

घुंगरं वाजतात. तुमचा हात अजून सर्जाच्या मनगटावर आहे, लोणी थिजत आलंय.

"झालं का गुडघ्याला लावून?" मामा विचारतो.

"झालं."

मामाशी वाद घालू नका. उद्या शिंगं रंगवायची आहेत आणि सर्जाला सोमवारी पत्र्या मारायच्या आहेत, एका पायाला दोन. आणि पुढच्या वेळी हॉटेलात पाया सूप आलं तर ती सरळ नळी जरा निरखून बघा. वरून मधोमध एक बारीक खाच दिसेल. फोडलीत तर आत उभा पडदा लागेल. बोकडाच्या तळव्यातली ती दोन हाडं आहेत, तिसरं आणि चौथं, तिथं जुळलेली.